पहिलं एडिट उडालं की पुढे काय?

मार्चमध्ये महिला दिन जवळ आला की मराठी विकिपीडियावर बायका का लिहीत नाहीत ही चर्चा निघते आणि कुणीतरी हमखास म्हणतं, परदेशात बघा, तिकडच्या बायका किती पुढे आहेत. मी परदेशातच राहते, इकडे लायब्ररीत भरणाऱ्या एडिटिंगच्या बैठकांना जाते, म्हणून सांगते की तसं काही नाहीये. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनने २०१५ पर्यंत लिहिणाऱ्यांमधलं बायकांचं प्रमाण २५ टक्क्यांवर न्यायचं ठरवलं होतं, ते जमलं नाही. डॉना स्ट्रिकलंडला २०१८ चं फिजिक्सचं नोबेल मिळालं त्या दिवसापर्यंत इंग्रजी विकिपीडियावर तिचं पानच नव्हतं, कुणीतरी त्याच वर्षी मसुदा पाठवला होता तो पुरेसे संदर्भ नाहीत म्हणून परत आला होता, आणि तिच्यासोबत नोबेल मिळालेल्या जेरार मुरूचं पान मात्र कित्येक वर्षं आधीपासून होतं.

आपल्याकडे कारण एकच सांगतात, बायकांना वेळ नसतो. वेळ नसतो हे खरंच आहे, घरकाम संपेल तेव्हा ना! पण जी वेळ काढून येते तिचं काय होतं ते बघा. बैठकीत माझ्या शेजारी बसलेल्या एका बाईंनी दुपारभर खपून एका शास्त्रज्ञ बाईंचं पान लिहिलं, सेव्ह केलं, आणि चहा घेऊन येईपर्यंत वर साचा, म्हणजे पान काढून टाकायची सूचना, लागलेला. का लावला, काय कमी आहे, कुणी एक शब्द लिहिलेला नाही. त्या दिवशी शेजारी जुनी एडिटर होती, तिने त्या पानाला जोडलेल्या चर्चा पानावर कसं उत्तर द्यायचं ते दाखवलं म्हणून पान वाचलं. घरी एकटीने लिहीत असत्या तर परत लॉगिन केलं असतं का? मला नाही वाटत.

संदर्भांचं तर आपल्याकडे जास्तच अवघड आहे, कारण लग्नानंतर नाव बदलतं. शास्त्रज्ञ कमला सोहोनींनी १९३९ मध्ये केंब्रिजमधून पीएचडी केली ती कमला भागवत म्हणून, त्यांचं तेव्हाचं संशोधन सोहोनी नावाने शोधलं तर हाती काय लागणार? हे माहीत असलेली बाई दोन्ही नावांनी शोधते, माहेरच्या नावाचं पुनर्निर्देशनही करून ठेवते, म्हणजे ते नाव शोधलं तरी त्याच पानावर पोचता येतं. अशी माणसं लिहिणाऱ्यांमध्ये हवीत म्हणून तर एवढी तळमळ.

इकडून घेण्यासारखं मला एकच दिसतं, विकिपीडियावरचा विमेन इन रेड हा गट. २०१५ पासून हे लोक ज्या बायकांवर पान नाही त्यांच्या याद्या करतात आणि वर्षभर लिहितात. आपल्याकडे एका दिवसाची कार्यशाळा होते, फोटो निघतात, पुढे त्या मुलींना विचारायला कुणी नसतं. त्यापेक्षा दोन-तीन जुन्या सदस्यांनी नवीन आलेल्या चार जणींची वर्षभर जबाबदारी घ्यावी. आणि पानं काढायचा अधिकार असलेल्या प्रचालकांना कळकळीची विनंती, नवीन सदस्याचं पान अगदीच जाहिरात नसेल तर काढायच्या आधी तिच्या चर्चा पानावर काय कमी आहे ते दोन ओळीत लिहा आणि आठवडाभर थांबा.