पुरुषोत्तमची अंतिम फेरी राहू द्या, प्राथमिक बघा

पुरुषोत्तम करंडकाच्या अंतिम फेरीच्या तिकिटांसाठी पुण्यात दरवर्षी ओळखीपाळखी निघतात. प्राथमिक फेरीला मात्र एरवी नाटकवेडी म्हणवणारी माणसंही फिरकत नाहीत. माझ्या मते खरी मजा तिथेच आहे.

साधा हिशोब बघा. महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था १९६३ पासून ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा घेतेय. प्राथमिक फेरीत ५१ संघ, सदाशिव पेठेतल्या भरत नाट्य मंदिरात एका सत्रात तीन एकांकिका. त्यातून अंतिम फेरीत जातात फक्त नऊ. म्हणजे बाकीच्या बेचाळीस एकांकिका तुम्ही नंतर कुठे बघणार? त्यातल्या बऱ्याच फसलेल्या असतात हे मान्य. पण नाटक कसं फसतं हे समजायला याहून चांगली जागा नाही.

ठरलेले घोटाळे डोळ्यांसमोर घडतात. सगळ्यात मोठा म्हणजे ब्लॅकआउटचा सोस. दर चार मिनिटांनी अंधार करायचा आणि त्या अंधारात टेबल हलवायचं. टेबल सरकल्याचा आवाज येतो, कुणाचा तरी पाय लेव्हलला, म्हणजे रंगमंचावरच्या चौथऱ्याला, अडखळतो, आणि मोठ्या कष्टाने जमवलेला ताण पार उतरतो. जाणता दिग्दर्शक तेच टेबल पात्राला चालू प्रसंगात हलवायला लावतो. दुसरा घोटाळा पार्श्वसंगीताचा. भावुक वाक्याखाली बासरी सोडतात आणि वाक्यच ऐकू येत नाही. तिसरा आवाजाचा. नवी मुलं वाक्याची सुरुवात जोरात करतात आणि क्रियापद गिळतात. मराठीत क्रियापद शेवटी, त्यामुळे नेमकं काय झालं हेच मागे पोचत नाही.

हे सगळं नीट टिपायचं तर जागा निवडताना अगदी पुढे बसू नका. पहिल्या दोन-तीन रांगांतून मान वर करून बघावं लागतं आणि रंगमंचावरच्या जागा, म्हणजे कोण कुणापासून किती लांब उभं आहे, ते कळत नाही. पाचवी ते दहावी रांग, मधला भाग उत्तम. बाल्कनीखाली मात्र नको, तिथे आवाज दबतो. आणि एक सवय लावून घ्या: बोलणाऱ्या नटाकडे बघायचं सोडून ऐकणाऱ्याकडे बघा. संघाची तालीम किती झालीय ते तिथे उघडं पडतं. कच्चा नट स्वतःच्या वाक्याची वाट बघत उभा असतो, पक्का नट समोरच्याचं वाक्य पहिल्यांदाच ऐकल्यासारखं ऐकतो.

दोन एकांकिकांमधला वेळ चहात घालवू नका. पडद्यामागे पुढच्या संघाची ठोकाठोक चालू असते आणि प्रेक्षागृहात ‘अरे आवाज कुणाचाऽऽ’ सुरू होतं. घसे बसेपर्यंत ओरडतात पोरं. काही ज्येष्ठांना हा गोंगाट वाटतो. मला तर तो स्पर्धेचाच भाग वाटतो. पडदा उघडल्यावर तीच पोरं चिडीचूप बसतात, हे मोबाइल वाजवत व्यावसायिक नाटक बघणाऱ्या मोठ्यांनी जरूर येऊन बघावं.

२०२२ साली परीक्षकांनी करंडक कुणालाच दिला नव्हता. त्यावर भरपूर वाद झाला. माझं मत अजूनही परीक्षकांच्या बाजूने आहे. इथे भपकेबाज नेपथ्यापेक्षा संहिता, दिग्दर्शन आणि अभिनय बघितला जातो, आणि दरवर्षी कुणाला तरी द्यायचाच म्हणून दिला तर त्या करंडकासाठी महिना-दीड महिना रात्री जागवून तालमी कोण करेल?

आता व्यवहाराचं. स्पर्धा साधारण ऑगस्टमध्ये सुरू होते, वेळापत्रक वर्तमानपत्रात येतं. आठवड्याच्या मधल्या दिवशी जा, तिकीट नाट्यगृहावरच घ्या. जिथला संघ तुम्हाला माहीत नाही तो दिवस मुद्दाम निवडा. गाडी सदाशिव पेठेत आणूच नका. मंडईच्या मेट्रो स्टेशनवरून चालत येता येतं. वेळेआधी पंधरा मिनिटं पोचा, कारण तासाच्या आतल्या एकांकिकेत पहिली पाच मिनिटं चुकली की अर्धं कथानक गेलं. लहान मुलांना आणणार असाल तर कडेची खुर्ची घ्या.

आणि नाटकासोबत गाणं, नाच, चित्रकला असं सगळं एकाच रंगमंचावर हवं असेल तर पुरुषोत्तमला येऊन नाक मुरडू नका. त्यासाठी फिरोदिया करंडक आहे.