‘ताई, जरा अभ्यास करून लिहा’ म्हणणाऱ्यांना

इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याची राणी अ‍ॅन बोलिन, तिच्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंय: ‘ताई, जरा अभ्यास करून लिहा. कायदा तो कायदा; राणीने मोडला, शिक्षा झाली. तारीखही चुकलीय. हेन्रीला वारस हवा होता हे गाळलंत. नुसतं रडगाणं.’

आधी तारीख. अ‍ॅनचा शिरच्छेद 19 मे 1536 चा, मी 17 लिहिलं होतं. 17 ला तिच्याशी व्यभिचार केल्याच्या आरोपावरून तिचा भाऊ जॉर्ज आणि इतर चौघे मारले गेले. चूक कबूल, दुरुस्तही केली.

‘ताई’ला हरकत नाही, पण पुढचं ‘जरा’ झोंबलं. मी 22 वर्षं जिल्हा न्यायालयात स्टेनो होते. जबानी तोंडातून निघते कशी आणि कागदावर उतरते कशी, हे मला कुणी शिकवू नये.

आता ‘कायदा तो कायदा’. अहो, कुठला? 1351 चा राजद्रोहाचा कायदा राजाच्या पत्नीला भ्रष्ट करणाऱ्याला धरतो. राणीच्या संमतीबद्दल त्यात अवाक्षर नाही. म्हणून तर राजाच्या खुनाचा कटही तिच्या माथी मारला. न्यायासनावर मुख्य कोण? सख्खा मामा, ड्यूक ऑफ नॉर्फक! त्या पाच पुरुषांपैकी गुन्हा कबूल केला तो एकट्या मार्क स्मीटननं, दरबारातल्या वादकानं. आणि 17 मेलाच आर्चबिशप क्रॅनमरनं तिचं लग्न मुळातच रद्द ठरवलं. लग्नच नव्हतं, मग व्यभिचार कसला? तरी दोन दिवसांनी मान उडवलीच. असा कागद आमच्या साहेबांपुढे आला असता, तर त्यांनी तो भिरकावला असता.

हेन्रीची पाचवी राणी कॅथरीन हॉवर्ड, तिच्या वेळी खटल्याचीही गरज वाटली नाही. 1542 मध्ये संसदेनं कायदा करूनच तिला दोषी ठरवलं. यापुढे पूर्वीचे संबंध लपवून राजाशी लग्न करणारी बाई राजद्रोही, हेही त्यातच घातलं. राजाला जातीनं संमती द्यावी लागू नये म्हणून त्याच्या वतीनं ती देण्याची सोय तेव्हाच झाली. केवढी ती काळजी! आणि हेन्रीचा स्वतःचा अनौरस मुलगा? तो 1525 मध्येच ड्यूक ऑफ रिचमंड झाला होता. त्याच्या बापाला कुठलं कलम लावायचं, तेवढं सांगा.

वारसाचं सगळ्यांना पाठ आहे, त्यावर वेळ घालवत नाही. रडगाण्याचं म्हणाल तर लेख पुन्हा वाचा. पहिल्यांदा वाचला असेल तर. तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही.