पाण्याकडं पाठ

पुण्याहून भाच्याचा फोन आला. "मामा, मुल्कीला सर्फिंगला जायचंय. तुमचंही तिकीट काढलंय." मुल्की म्हणजे मंगळूरच्या अलीकडचं, नदी समुद्राला मिळते तिथलं गाव. आईला समजावून सांगितलं, फळीवर उभं राहून लाटेबरोबर यायचं असतं.

"यायचं कुटं?"

"काठाला."

"मंग काठालाच बस की."

यावर माझ्याकडं अजून उत्तर नाही.

तसं लातूरच्या माणसानं पाण्यासाठी रेल्वेत बसण्यात नवल नाही. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून पाणीच रेल्वेत बसून आमच्याकडं आलं होतं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. मी त्याच रुळांवरून उलटा निघालो. बार्शी, कुर्डुवाडी, पंढरपूर, मिरज, पुढं मडगाव. डब्यातल्या एका तात्यांनी विचारलं, "पांडुरंगाला चाल्लाव का?" मी हो म्हणालो. सर्फिंग समजावण्यापेक्षा ते सोपं होतं. मुल्कीत कळलं, माझी थाप अगदीच थाप नव्हती. २००४ साली तिथं सर्फिंगचा आश्रम निघाला तो एका अमेरिकी कृष्णभक्त संन्याशाच्या पुढाकारानं. लोक त्याला 'सर्फिंग स्वामी' म्हणत.

आमचा गुरू मात्र स्वामी नव्हता. वीस-बावीस वर्षांचं तुळू बोलणारं, उन्हानं करपलेलं पोरगं. पोहता येतं का म्हणाला. येतं की! पाठीला भोपळा बांधून विहिरीत शिकलोय. पण विहिरीचं पाणी सभ्य असतं, जिथं असतं तिथंच राहतं.

बोलता बोलता त्यानं मला मागून ढकललं. मी उजवा पाय पुढं टाकून तोल सावरला. "गूफी!" त्यानं जाहीर केलं. मी बाह्या सरसावल्या, तेवढ्यात भाचा मधे पडला. "मामा, शिवी नाही ती. उजवा पाय पुढं ठेवणाऱ्याला गूफी म्हणतात." मग नऊ फुटी फोमच्या फळीची दोरी माझ्या घोट्याला बांधली. पोळ्याला बैलाचंसुद्धा दावं सोडतात, माझं बांधलं.

आधी वाळूवर सराव. पालथं पडायचं, हातानं वाळू वल्हवायची, तळहात छातीशी रोवून एका झटक्यात उभं राहायचं. मासळीची टोपली घेतलेल्या दोन बायका थांबून बघत होत्या. त्यांनी आपसात काहीतरी म्हटलं. तुळू येत नसल्याचा आनंद मला आयुष्यात पहिल्यांदाच झाला. पण एक सांगतो, वाळूवर मी फार चांगला सर्फर आहे.

मग कमरेएवढ्या पाण्यात गेलो. मागून भाचा ओरडला, "मामा, पाणी आलं!"

आता लातुरात हे दोन शब्द ऐकले की झोपेतला माणूसही नळाकडं पळतो. मी गर्रकन वळलो आणि दोन्ही हात पसरून लाटेला सामोरा गेलो. पुढचं नीट आठवत नाही. वर आलो तेव्हा फळी माझ्यावर होती आणि नाकातून अरबी समुद्र वाहत होता.

"अण्णा," गुरू हिंदीत म्हणाला, "लाटेकडं पाठ करायची आणि झोपायचं."

येणाऱ्या पाण्याकडं पाठ करून झोपायचं! आमच्या गल्लीत असं कुणी केलं तर बायको माहेरी जाईल. आठ-आठ दिवसांनी येणारं पाणी इथं दर दहा-बारा सेकंदांनी येत होतं, तेही मोटार न लावता. सकाळभर मला ते पटलंच नाही. लाट आली की हात आपोआप पुढं जायचे, भरून ठेवायला.

दुसऱ्या दिवशी जेवायच्या आधी एकदा उभा राहिलो. उभा म्हणजे, साहेब समोरून गेल्यावर कचेरीतला शिपाई खुर्चीतून जेवढा उठतो, तेवढा. दोन सेकंद. भाच्यानं फोटो काढला, त्यात फक्त माझे तळवे आलेत.

पहाटे लातूरला उतरून घरी पोचलो तर नळ आलेला. बॅग टाकली आणि हंड्यात पाइप सोडायला वाकलो. नाकात कुठं दडून बसलेलं खारं पाणी तेवढ्यात सुटलं आणि टपटप हंड्यात पडलं.

बायकोनं हंड्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. आठ दिवसांनी आलेलं पाणी, ओतून द्यायचं कसं?

"अहो," ती म्हणाली, "हा हंडा तुमच्या आंघोळीला."