डॅशबोर्ड बनवताय? मग एवढं तरी पाळा

अभिनंदन, डेटा अ‍ॅनालिस्टची नोकरी लागली, तीसुद्धा पुण्याला न जाता इथेच नाशकात. घरचे खुश. शेजारच्या काकू विचारतील नक्की करतोस काय, तर "कॉम्प्युटरवर असतो" एवढं सांगून सटकायचं, कारण खरं उत्तर तुम्हाला पण कळायला वेळ लागणार आहे.

आता मुद्द्याचं. डॅशबोर्ड म्हणजे धंद्याचे आकडे चार्टमधून एका जागी दाखवणारा रिपोर्ट. "साहेब, हा डॅशबोर्ड बघून तुम्ही ठरवणार काय?" हा प्रश्न चुकूनही तोंडातून काढायचा नाही. ठरलेलं असतं. कांदा लासलगावहून उचलायचा की पिंपळगावहून हे साहेबांनी सकाळी नाशकातल्या द्वारका चौकाच्या ट्रॅफिकमध्ये बसल्या बसल्या फोनवर ठरवून टाकलेलं असतं, दुपारी तुम्हाला फक्त त्याचा चार्ट काढायचा असतो, आणि चार्ट उलटं सांगायला लागला तर डेटा तपासायचा. डेटा सुलटं सांगत असेल तर तो तपासायची गरज नसते हे नवीन पोरांना उशिरा कळतं.

सरासरी भाव काढताना आवकेकडे बघू नका. समजा एका बाजार समितीत १०,००० क्विंटल आवक आणि भाव १,००० रुपये, दुसरीत १०० क्विंटल आणि भाव २,०००. तुम्ही पॉवर बीआयमध्ये, म्हणजे डॅशबोर्ड बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, भावाचा कॉलम ओढा, अ‍ॅव्हरेज निवडा, १,५०० येतील, मस्त गोल आकडा. आवकेच्या वजनाने काढायला गेलात तर १,०१० च्या आसपास येतं आणि मग मीटिंगमध्ये वेटेड अ‍ॅव्हरेज म्हणजे काय ते समजावत बसावं लागतं, चहा गार होतो. शेतकऱ्याला विचाराल तर तो एका वाक्यात सांगेल की दोन हजाराने दोन ट्रॉल्या गेल्या म्हणजे बाजार दोन हजार नसतो, पण त्याला मीटिंगला कोण बोलावतंय!

तारखांना हात लावायचा नाही. लॅपटॉपचं सेटिंग अमेरिकन, म्हणजे आधी महिना मग दिवस वाचणारं, असेल तर असू द्या. ५ जानेवारीचा लाल कांदा बरोबर १ मेला, महाराष्ट्र दिनाच्या मुहूर्तावर, मार्केटला येईल. मे महिन्यात लाल कांद्याची आवक का वाढली यावर अर्धा तास चर्चा होईल, कुणीतरी हवामान बदल म्हणेल, आणि तुमचा डॅशबोर्ड इनसाइट देतो अशी ख्याती पसरेल. १३ तारखेपासून पुढच्या ओळी मात्र एरर होतात, कारण तेरावा महिना आपल्याकडे दुष्काळात येतो, अमेरिकेत येतच नाही. त्या एरर रिमूव्ह करून टाका, बटण आहे. वर्षसुद्धा जानेवारीपासूनच सुरू ठेवा. अकाउंटवाल्यांचा पहिला क्वार्टर एप्रिलपासून आणि तुमचा जानेवारीपासून, म्हणजे दोघांचे आकडे कधीच जुळणार नाहीत आणि दोघांचीही नोकरी चालू राहील.

लाख-कोटीचं पण तसंच. पॉवर बीआय आपणहून ४.७ एम असं दाखवतं, साहेब विचारतात हे मीटर का, तुम्ही म्हणायचं मिलियन, साहेब मनात शून्यं मोजतात आणि गप्प होतात. कस्टम फॉरमॅट लिहून ४७ लाख दाखवता येतं, मान्य, पण मग साहेबांना आकडा कळतो आणि कळला की प्रश्न विचारतात.

"मला लाइव्ह पाहिजे" हे तर ऐकायला मिळणारच. होय म्हणा. साध्या प्रो लायसन्सवर दिवसाला ८ शेड्यूल्ड रिफ्रेश, म्हणजे ठरल्या वेळी डेटा आपोआप नव्याने ओढणं, मिळतात, ते आठही लावून टाका. खालचा डेटा गोडाऊनवरचा दादा संध्याकाळी वहीत लिहितो, वहीचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो, कुणीतरी तो दुसऱ्या दिवशी जेवणानंतर एक्सेलमध्ये टाइप करतं, कधी नाशिकच्या स्पेलिंगमध्ये एच घालून कधी न घालता, त्यामुळे तुमच्या स्लायसरमध्ये, म्हणजे गाव निवडायच्या यादीत, दोन नाशिक दिसतात आणि एकाचा धंदा चांगला चाललाय. हे सगळं आठ वेळा रिफ्रेश होतं. कालचाच आकडा, पण ताजा.

पाय चार्ट तर हवाच. १८०१ पासून, म्हणजे विल्यम प्लेफेअरने छापला तेव्हापासून चालत आलेली गोष्ट आहे, आपण कशाला मोडायची. अठरा तालुके-बाजारांचे अठरा तुकडे, प्रत्येकाला वेगळा रंग, थ्रीडी मिळाला तर उत्तमच. डोळ्याला कोन नीट मोजता येत नाही, लांबी येते, म्हणून साधा बार चार्ट लगेच समजतो. तोच त्याचा दोष.

एक्सेलच्या जुन्या फाइलला नावं ठेवू नका. .एक्सएलएसमध्ये ६५,५३६ ओळीच मावतात, त्यापुढचं गपचूप गळतं. २०२० मध्ये इंग्लंडच्या आरोग्य खात्याच्या कोरोना रुग्णांच्या जवळपास १६,००० नोंदी अशाच अहवालातून बाहेर राहिल्या होत्या. तेव्हा तुमच्या हातून द्राक्षाची चार-पाच हजार पेट्यांची चलनं गळली तर फार मनाला लावून घेऊ नका राव, तुम्ही आंतरराष्ट्रीय पातळीवर आहात.

मग येतो खरा दिवस. तीन पानं, बुकमार्क, टूलटिप, कंपनीच्या लोगोचा रंग, सगळं करून तुम्ही लिंक पाठवता. पाच मिनिटांत रिप्लाय, "छान. एक्सेलमध्ये देता येईल का?" इथे रडायचं नाही. एक्सपोर्ट एका वेळी १,५०,००० ओळींपर्यंत होतं, तेवढं बास. साहेबांचा भाचा त्यातून पिव्होट, म्हणजे बेरजांचा गोषवारा, काढेल, तो प्रिंट होईल, प्रिंटवर पेनाने खुणा होतील, आणि निर्णय त्या पेनाने होईल.

युसेज मेट्रिक्स नावाचा रिपोर्ट असतो, कुणी किती वेळा बघितलं ते दाखवतो. तो शक्यतो उघडू नका. उघडलाच तर दोन नावं दिसतील, एक तुमचं आणि एक त्या भाच्याचं. घाबरायचं काही नाही, अप्रेझल जवळ आलंय, त्याचाच एक डॅशबोर्ड करा, स्वतःचे व्ह्यूज तेवढे फिल्टर करू नका आणि अक्ष शून्यापासून सुरू करू नका.