श्रीधरन कोलकात्यातही होतेच की

गणपतीला गावी निघालेली गाडी माणगावात अडकली की आमच्या गावच्या ग्रुपवर एक जुना मेसेज हमखास वर येतो. आशय असा: कोकण रेल्वे ई. श्रीधरन या एका रेल्वे अभियंत्याने उभी केली, तीही वेळेत. रेल्वेची माणसं तीच होती, बदलला फक्त साहेब. खाती, नियम, अधिकार ही सगळी काम न करणाऱ्यांची रडगाणी. मुंबई-गोवा महामार्गावर असाच एक श्रीधरन बसवा, मग बघा.

श्रीधरन यांचं मोठेपण मला मान्य आहे. मेसेज मान्य नाही.

आधी ते 'वेळेत' बघू. काम 1990 मध्ये हाती घेतलं तेव्हा मुदत पाच वर्षांची ठरली होती. रोह्यापासून मंगळूरपर्यंत सलग मार्ग खुला झाला 26 जानेवारी 1998 ला. मधे गोव्यात रूळ कुठून न्यायचे यावरून आंदोलन पेटलं, केंद्राने तिथलं काम थांबवलं, ओझा आयोग नेमला. पेडण्याच्या बोगद्यात भुसभुशीत माती पुन्हापुन्हा ढासळत राहिली. साहेब या सगळ्या काळात तेच होते. सुमारे 740 किलोमीटरचा मार्ग, नव्वदच्या आसपास बोगदे, दोन हजारांच्या घरात लहानमोठे पूल, हे सगळं साडेसात वर्षांत झालं हे अचाटच आहे. त्याला खोट्या 'वेळेत'ची गरजच नाही.

'बदलला फक्त साहेब' हे मात्र सपशेल चूक. जुन्या पद्धतीने, म्हणजे रेल्वेच्या अर्थसंकल्पात दरवर्षी पडेल त्या तुकड्यावर, कोकणची गाडी कशी सरकली ते पाहा: साठच्या दशकात पनवेल, आणि रोहा उजाडलं 1986 मध्ये. 1990 मध्ये जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री होते आणि राजापूरचे खासदार मधु दंडवते अर्थमंत्री. त्यांनी पनवेल-रोह्याचीच पद्धत पुढे रेटली नाही, कोकण रेल्वेसाठी स्वतंत्र महामंडळ काढलं. त्यात रेल्वेचा वाटा 51 टक्के, महाराष्ट्राचा 22, कर्नाटकाचा 15, गोवा आणि केरळचा प्रत्येकी 6. बाकी बराचसा पैसा रोख्यांतून उभा केला. रोख्यांचं व्याज दिवसागणिक चढतं. अर्थसंकल्पातल्या पैशाला ती टोचणी नसते; यंदा नाही तर पुढच्या वर्षी.

मार्गाचे सात भाग पाडले: महाड, रत्नागिरी उत्तर, रत्नागिरी दक्षिण, कुडाळ, गोवा, कारवार, उडुपी. प्रत्येक भाग साधारण शंभर किलोमीटरचा, त्यावर एक मुख्य अभियंता, आणि बहुतेक निर्णय त्याच्याच टेबलावर. रेल्वेत हे असं चालत नाही. तिथे सिव्हिल, इलेक्ट्रिकल, सिग्नल, अकाउंट्स अशी खाती. फाईल फायनान्सकडे कन्करन्सला, म्हणजे संमतीला जाते, शेरा घेऊन परत येते, पुन्हा जाते. बढती खात्यात मिळते, त्यामुळे माणूस प्रकल्पाचा होण्याआधी खात्याचा असतो. पूल रखडला तर दोष कोणाचा, हे पूल होईपर्यंत ठरत नाही! महामंडळात डेप्युटेशनवर आलेली माणसं रेल्वेतलीच होती, हे खरं. म्हणून तर मेसेज उलटतो. माणसं तीच, मग वेगळं काय होतं?

आता तो मुद्दा, जो मेसेज लिहिणाऱ्याला बहुधा ठाऊकच नाही. सत्तरच्या दशकाच्या पूर्वार्धात कोलकाता मेट्रोच्या आखणीत आणि कामात उपमुख्य अभियंता म्हणून श्रीधरन स्वतः होते. तो प्रकल्प रेल्वे मंत्रालयाच्या नेहमीच्या चाकोरीतला. पायाभरणी 1972 मध्ये, पहिला छोटा टप्पा 1984 मध्ये, आणि दमदम ते टॉलीगंज अखंड मार्ग व्हायला 1995 उजाडलं. पुढे दिल्लीत केंद्र आणि दिल्ली सरकारची निम्मी-निम्मी भागीदारी असलेली कंपनी होती, जपानी कर्जाचा पैसा होता, आणि कंपनीची सूत्रं श्रीधरन यांच्या हाती. तिथली पहिली मेट्रो 2002 च्या डिसेंबरात धावली.

यावर कोणीतरी रामेश्वरमच्या पांबन पुलाचा विषय काढतंच. 1964 च्या वादळाने मोडलेला तो पूल श्रीधरन यांनी 46 दिवसांत दुरुस्त केला, तेव्हा तर ते साधे रेल्वे अधिकारी होते ना? होते. पण ती आणीबाणी होती; अशा वेळी फाईल कोणी अडवत नाही. रोजच्या कामाला ती मोकळीक कुठून आणणार?

आता उलट्या टोकालाही जायला नको. महामंडळ काढलं की काम झालं, असं असतं तर या देशात महामंडळांना काय तोटा होता. कचेऱ्यांत उरलेले दिवस दाखवणारी उलटी घड्याळं लावणं, हाताखालच्याने निर्णय घेतला आणि तो चुकला तर त्याच्या पाठीशी उभं राहणं, हे कंपनी कायद्यात लिहिलेलं नसतं. ते वळण वरच्या माणसाने लावावं लागतं, आणि इथे श्रीधरन यांचं श्रेय पूर्ण आहे. शिवाय बांधायला सोयीची रचना चालवायला सोयीची असतेच असं नाही. रेल्वेच्या अर्थसंकल्पाबाहेर राहिल्याने याच महामंडळाला दुहेरीकरणाला पैसा पुरेना, आणि 2025 मध्ये महाराष्ट्राने भारतीय रेल्वेतल्या विलीनीकरणाला संमती दिली.

राहिला महामार्ग. चौपदरीकरण 2011 पासून चाललंय. पनवेल ते माणगावजवळचं इंदापूर राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे, इंदापूरपासून पुढे राज्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्याकडे, त्यातही वेगवेगळी पॅकेजेस, वेगवेगळे ठेकेदार. तेव्हा मेसेज पाठवणाऱ्यांनी एवढंच सांगावं, की आणलेल्या श्रीधरनांना इंदापूरच्या अलीकडे बसवायचं की पलीकडे?