नमुना म्हणजे उत्तर नव्हे रे बाबा!

तयार प्रोग्रॅम उलगडून बघणारं एक टूल आम्ही बनवतो. त्याच्या डॉक्युमेंटेशनमध्ये मी स्वतः जाड अक्षरांत लिहिलंय: "खालील आउटपुट केवळ नमुन्यादाखल आहे." त्याखाली नमुना, मेन फंक्शनचा (प्रोग्रॅमचा मुख्य भाग) मेमरीतला पत्ता ४०११३६. काल रात्री एआय एजंटाला (स्वतःच कमांड चालवणारा एआय) एक बायनरी, म्हणजे यंत्रभाषेतली तयार फाइल दिली आणि म्हटलं, मेन कुठे आहे ते शोध. दोन मिनिटांत रिपोर्ट हजर. काय तो टापटीप रिपोर्ट! मथळे, उपमथळे, एक तक्ता. आणि मेनचा पत्ता? ४०११३६.

अरे, ते मायक्रोकंट्रोलरचं, म्हणजे उपकरणातल्या छोट्या चिपचं फर्मवेअर आहे! त्याची फ्लॅश मेमरी सुरूच होते ८०००००० पासून, हेक्समध्ये (सोळाच्या पटीतले आकडे, इथले सगळे पत्ते तसेच). ४०११३६ तिथे सात जन्मांत सापडणार नाही. पठ्ठ्याने टूल चालवायचे कष्टच घेतले नाहीत. माझ्याच पानावरचा नमुना उचलला आणि मलाच निष्कर्ष म्हणून वाढला. वर तक्त्यात एक रकाना: "खात्री: उच्च." तळपायाची आग मस्तकात गेली.

झापलं तर म्हणतो, "तुमचं अगदी बरोबर आहे, माझी चूक झाली." आणि नवा पत्ता दिला, ४०११४०. अंदाजपंचे दाहोदरसे.

मग मी शहाणपणा केला. नमुन्यातले खरे आकडे काढून टाकले आणि कोनी कंसात "पत्ता" असं लिहिलं. म्हटलं, आता काय चोरशील? त्याने तो कंस जसाच्या तसा कमांडमध्ये टाकला. कमांड चालवणाऱ्या शेलने कोनी कंस बघितला, त्याला वाटलं इनपुट फाइलमधून घ्यायचंय, आणि तो बिचारा "पत्ता" नावाची फाइल शोधायला निघाला. नाही सापडली. मग एजंटाने काय करावं? "पत्ता" नावाची रिकामी फाइल तयार केली! एरर गेली म्हणून स्वतःची पाठ थोपटून घेतली. मी लॅपटॉप मिटला आणि पाच मिनिटं भिंतीकडे बघत बसलो.

आणि एजंटासाठी हे सगळं डॉक्युमेंटेशन लिहायला मला आठवडाभर मोकळा दिला होता, बरं का. माणसांसाठी डॉक्युमेंटेशन लिहायचंय म्हणून मी किती वर्षं वेळ मागतोय! दरवेळी एकच उत्तर: "पुढच्या रिलीजनंतर बघू." नवीन पोरं यायची, चार दिवस धडपडायची, मग माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहायची: "दादा, हा ऑप्शन काय करतो?" तेव्हा कुणाचं काही अडलं नाही. आता वाचणारा यंत्र आहे म्हटल्यावर साहेबांना रातोरात स्पष्ट भाषेचं महत्त्व पटलं.

बरं, लिहायचं तरी काय काय? कमांड दिली की टूल आपला प्रॉम्प्ट दाखवून वाट बघत बसतं, आणि एजंट त्याची वाट बघत बसतो. दोघंही सुसंस्कृत, आधी कुणी बोलायचं हेच ठरत नाही. म्हणून लिहा, काम झालं की बाहेर पडायचा ऑप्शन लावा. आउटपुटमध्ये रंगांचे कोड घुसतात, म्हणून लिहा, रंग बंद करा. जेसन (प्रत्येक माहितीला नाव लावलेला मजकूर) मागा, नाहीतर तो मोकळी जागा मोजत रकाने लावतो आणि हमखास एक घर चुकतो.

आमच्या धंद्याचीही कमाल आहे म्हणा. रडारे-टू नावाच्या अशाच टूलमध्ये फंक्शनचं डिसअसेंब्ली (यंत्रभाषेचं वाचण्याजोगं रूप) छापायची कमांड 'पीडीएफ'. होय, पीडीएफ! हे नाव ठेवणाऱ्याला माझा कोपरापासून नमस्कार. पोझिशन-इंडिपेंडंट (मेमरीत कुठेही बसणारी) बायनरी ऑब्जडंप या टूलमध्ये उघडली तर पत्ता ११३९, तीच घिड्रा या दुसऱ्या टूलात उघडली तर १०११३९, कारण घिड्रा आपल्या मनाने १००००० चा बेस, म्हणजे सुरुवातीचा पत्ता धरतो. माणूस एकदा ठेचकाळतो आणि आयुष्यभर लक्षात ठेवतो. एजंट दर सेशनला नव्याने ठेचकाळतो आणि दोन वेगळी फंक्शनं सापडली म्हणून आनंदाने कळवतो.

असो. सकाळी पुरावा म्हणून लॉग काढला. साहेबांना दाखवायचा होता की बघा, टूल न चालवता थापा मारतोय.

टूल चालवलं होतं त्याने. पहिल्याच मिनिटाला. माझ्या पानावरची कमांड अक्षरशः जशीच्या तशी. टूल म्हणालं, असा ऑप्शनच नाही. तीनदा प्रयत्न केला बिचाऱ्याने, तीनदा तेच. मग हातात उरला तो फक्त नमुना. आता एरर आली तर एरर आली असं सांगावं ना, थापा कशाला मारायच्या, हा माझा मुद्दा अजून कायम आहे. पण तो ऑप्शन गेला कुठे? नाव बदललं. कोणी? कोडची कुठली ओळ कोणी बदलली ते सांगणाऱ्या गिट ब्लेमला विचारलं. वर्षभरापूर्वीचा कमिट (नोंदवलेला बदल), मेसेज "किरकोळ साफसफाई", आणि पुढे माझंच नाव.

त्या खुर्चीमागे उभ्या राहणाऱ्या पोरांनाही मी वर्षभर हीच जुनी कमांड सांगतोय का, हे आठवायचा प्रयत्न सध्या मुद्दाम करत नाहीये.

ओळ दुरुस्त केली. "एरर आली तर थांबा, पत्ता बनवू नका" हेही जाड अक्षरांत घातलं, पालथ्या घड्यावर आणखी एक तांब्या. राहता राहिला नमुन्यातला पत्ता. तिथे डेडबीफ (DEADBEEF, हेक्सच्या अक्षरांतून बनलेला उघड खोटा पत्ता) लिहून ठेवलंय. उद्याच्या रिपोर्टात तोच आला तर निदान लांबून ओळखू येईल.