भूल द्यावीच लागते असं नाही

‘पाच वर्षांखालच्या मुलाला रेडिएशनसाठी रोज भूल लागतेच,’ हे लेखातलं विधान सरसकट आहे. तीनच्या आत बहुधा लागतेच. पण चार-पाच वर्षांची बरीच मुलं तयारीने स्थिर झोपतात, आणि तीस फेऱ्यांचा, भुलीसाठी करावा लागणारा रोजचा सहा तासांचा उपास टळतो. (मशीन बंद पडलं की तो आणखी लांबतो!) तयारी अशी: डोकं हलू नये म्हणून चेहऱ्यावर बसवतात त्या मास्कची प्लास्टिकची जाळी साधारण 70 अंशांच्या पाण्यातून मऊ करून काढून टिपायची, आधी मुलाच्या हाताला लावू द्यायची, मगच चेहऱ्यावर. गार होताना ती आवळते, हेही आधीच सांगायचं.

लेखात राहिलेली गोष्ट म्हणजे स्टेरॉइड, म्हणजे उपचारात सूज कमी करायला देतात ते औषध. त्याने गाल फुगतात, दोन आठवड्यांपूर्वीचा मास्क रुततो, मूल रडतं आणि हट्टी ठरतं. गालावर जाळीचे खोल वळ दिसले तर मास्क नवा करायला हवा.